मिक्सर बंद ठेवा, कन्व्हर्जन चालू आहे

आमच्या बिल्डिंगमधल्या खासनीस काकांबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मी गिरणीचं बटण दाबते. मग काही ऐकू येत नाही. माणूस मनानं वाईट नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला? लोकांनी आपली कॅसेट दिली नव्हती त्यांच्याकडे.

मी माधुरी. विचुंब्याला रस्त्याला लागून जी पिवळी बिल्डिंग आहे, तिच्या तळमजल्यावर माझी पिठाची आणि मसाल्याची गिरणी आहे. बिल्डिंगखालची जमीन आमची. सासऱ्यांनी बिल्डरला दिली, त्यात आम्हाला पहिल्या मजल्यावर घर आणि खाली हा गाळा मिळाला. बाकीची घरं विकली गेली आणि वर शहरातली माणसं राहायला आली. कोणी बँकेतलं, कोणी कॉलेजातलं, कोणी रिटायर झालेलं. खासनीस काका त्यातलेच. कमलाकर खासनीस, दुसरा मजला, बरोबर आमच्या डोक्यावर. कुठल्याशा कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. रिटायर झाले तरी स्टोअर सुटलं नाही. घरातला चमचा जागेवर नसला तरी काकूंना जाब द्यावा लागायचा.

ते राहायला आले त्याच वर्षी आमच्या पुतण्याची हळद होती. खाली पार्किंगमध्ये मांडव, आणि मांडवात माझी सासू धवला गात होती. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आमच्या आगरी लग्नात हळदीला धवलारीण लागते. ती बसते, गाते, आणि एकेकाला लग्नाला बोलावते. आधी देव, मग गावदेवी, मग विहीर, मग त्या घरातले गेलेले सगळे पूर्वज, नावानिशी. भटजी नंतर. माझी सासू विचुंब्यापासून पार ओवे गावापर्यंत नावाजलेली धवलारीण. तिचं नाव मी तुम्हाला एवढ्यात सांगणार नाही. आमच्यात सून सासूचं नाव तोंडानं घेत नाही, आणि तोवर मीही ते कधी घेतलेलं नव्हतं.

तर त्या हळदीला हे काका हाफ पँटीवर खाली आले. हातात मोबाईल, त्यावर आवाज मोजायचं काहीतरी. म्हणाले, "हे किती वेळ चालणार आहे?"

सासूनं मान वर न करता मला सांगितलं, "त्याला सांग, लगीन लागंपरत." आणि पुढची ओळ घेतली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर तक्रार लागली. 'काही रहिवाशांचे कर्कश कार्यक्रम.' काही रहिवाशांचे! ज्यांच्या खळ्यावर तुमचा हॉल उभा आहे, ते काही रहिवासी! आयत्या बिळावर नागोबा तो नागोबा, वर फणा काढून विचारतो, तुम्ही इथे काय करता म्हणून.

सासू गेली गेल्या पावसाळ्यात. ताप आला, उतरला, आणि सकाळी उठलीच नाही. आणि माझ्या लेकीचं, रेवाचं लग्न माघातल्या मुहूर्तावर ठरलं.

सासू गेल्यावरचं घरातलं पहिलं कार्य, आणि धवलारीण नाही. चंद्रावती आत्या म्हणाली, मी गाईन. ही माझी चुलत सासू. सासूच्या बाजूला बसून तिची ओळ मागून म्हणायची, झेलायची, हेच तिनं जन्मभर केलं. पण झेलणं वेगळं आणि गाणं वेगळं. देवांचं तिला येत होतं, गावदेवीचं येत होतं. आमच्या घरातल्या गेलेल्यांची नावं मात्र येत नव्हती. ती ज्या त्या घरची असतात, आणि आमची फक्त सासूला माहीत होती. कोण कोणाच्या आधी, कोणाची बायको कुठल्या गावची, कोण लहानपणी गेलं, सगळं.

भरतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भाऊबंदांकडे फिरून विचारलं. सगळ्यांनी पुरुषांची तीन नावं सांगितली आणि चौथ्यावर भांडणं लागली. बायका तर कोणाच्या खिजगणतीतच नाहीत. चंद्रावती आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बोलवायचा एक जरी राह्यला ना पोरी, तं तो कुंपणावर बसून ऱ्हातो. आत येत नाय, परत जात नाय. आपल्या पोरीच्या लग्नाला घरचा मानूस उपाशी बाहेर? मी नाय गानार."

रेवा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असते नेहमी. तीसुद्धा रडली. म्हणाली, आजी प्रत्येकाच्या लग्नात गायली, आणि माझ्याच नाही.

मग मला कॅसेट आठवली. आमच्या लग्नाची. भरतच्या हळदीला सासू दुसऱ्या कोणाला गाऊ देईना, स्वतःच्या पोराच्या हळदीला स्वतःच गायली. मी तेव्हा माझ्या माहेरी, त्यामुळे मी ते ऐकलेलंच नाही. लग्नाची सीडी आहे आमच्याकडे, पण त्या शूटिंगवाल्यानं हळदीवर सिनेमाची गाणी चढवलीत. खरा आवाज होता कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटमध्ये. काडेपेटीएवढी ती कॅसेट सासूनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. पनवेलमध्ये दुकानं पालथी घातली. सगळे हसले, म्हणाले, ताई, आता ह्याचा कॅमेराच कोणाकडे नाही.

होता. एकाच माणसाकडे होता.

मी गरम पुरणपोळ्या घेऊन वर गेले. गरज पडली की गाढवाचेही पाय धरावे लागतात.

काका खूश झाले, खोटं कशाला सांगू. त्यांच्या हॉलमध्ये एक मोठं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, त्याचं झाकण काढून टाकलेलं, आतली आतडी बाहेर, आणि त्यावर टेबलफॅन लावलेला. रिटायर झाल्यावर लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरून द्यायचा त्यांना नाद लागला होता. कॅसेट त्यांनी उलटसुलट केली, वास घेतला आणि म्हणाले, "आधी कॅप्चर, मग कन्व्हर्जन. मी तुम्हाला फोर-के मध्ये करून देतो. आत्ताच्या टीव्हीला शोभेल असं."

मी म्हटलं, "काका, मला चित्र कसंही चालेल. मला आईंचं गाणं पाहिजे हळदीतलं."

"सगळं येईल. सगळं," ते म्हणाले. पोळी खात होते तेव्हा.

आशालता काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या कमी बोलतात. मला वाटायचं गर्विष्ठ असतील. नंतर कळलं की त्यांना बोलायला जागाच उरत नाही.

मग सुरू झाली आमची परीक्षा. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, मार्गशीर्षातले गुरुवार गेले. मी विचारायला गेले की काका पडद्यावरची हिरवी पट्टी दाखवायचे. "बारा टक्के झालं." दुसऱ्या दिवशी, "सोळा." तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलेलं असायचं आणि काका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. कॅसेट मागे फिरवायची, कॅमेरा जोडायचा, आणि मोठ्या स्पीकरवर आवाज लावून नीट उतरतंय का पाहत बसायचं. हळद पार पडली की मशीन तापून बसायचं. वरात काही त्या मशीननं कधी बघितली नाही.

त्यांच्या दाराला एक कागद चिकटवलेला होता, छापून काढलेला. 'मिक्सर बंद ठेवा, कन्व्हर्जन चालू आहे.' म्हणजे दार कोणाचं? स्वतःचं. मिक्सर कोणाचा? काकूंचा. बायकोला सांगायचं तेही नोटीस लावून. मिक्सर लावला की व्होल्टेज पडतं म्हणे, आणि मशीन स्लो होतं. इस्त्री नाही, वॉशिंग मशीन नाही. काकू बिचाऱ्या कुठूनसा पाटा-वरवंटा घेऊन आल्या आणि खाली बसून ओलं खोबरं वाटायला लागल्या. मी जायचे तेव्हा स्पीकरवर माझी सासू गात असायची आणि काकू वाटत असायच्या. एकदा त्या काहीतरी पुटपुटत होत्या. काका तिकडून ओरडले, "आशा, आवाज! माझं लक्ष जातं." त्या गप्प झाल्या, वरवंटा चालू राहिला.

मला आत दाराशी उभं राहून ऐकत राहावंसं वाटायचं. पण काका लगेच आवाज कमी करायचे. "फायनल फाईलमध्ये ऐका. अर्धवट काम मी कोणाला दाखवत नाही." मोठे आले!

त्यांचा मुलगा राजस, बंगळुरूला असतो. एकदा मी असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. चांगला मुलगा. म्हणाला, "बाबा, आधी पंख्यातली धूळ काढा, म्हणून तापतंय. आणि फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवरून वाचून परत त्याच डिस्कवर लिहू नका, आतल्या डिस्कवर घ्या. आणि फोर-के कशाला? एवढीशी जुनी कॅसेट ती, फुगवून काय होणार? ग्राफिक्स कार्डला काम करू दे, तासाभरात होईल."

मला त्यातलं धूळ तेवढं कळलं. आणि तासाभरात.

काका म्हणाले, "तू मला शिकवू नकोस. मी सत्तावीस हजार आयटमचं स्टोअर सांभाळलंय."

"बाबा, त्याचा काय संबंध?"

"संबंध असा की मशीनला काही झालेलं नाही. खाली गिरणी आहे. ती चालू झाली की व्होल्टेज झोपतं."

आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी! माझी गिरणी! नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण पण माझंच!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, माझ्या गिरणीचं मीटर वेगळं आहे, वायर वेगळी आहे, आणि लग्नसराईचा हंगाम आहे. बायका मसाल्याची रांग लावून उभ्या आहेत."

"मग तुम्ही ठरवा," ते म्हणाले, "मसाला पाहिजे की कॅसेट."

असा माणूस! हातात आपली नस आहे हे कळलं की तो किती गोड बोलतो बघा. मी खाली आले, गिरणी बंद केली आणि शटर ओढलं. बायकांना सांगितलं, मोटर जळलीय. नवीन पनवेलला जाऊन दळून आणा. भरत म्हणाला, तू वेडी झालीस काय? मी म्हटलं, तुझ्या आईचा आवाज आहे वर. रेवाच्या हळदीचा मसालासुद्धा मी दुसऱ्याच्या गिरणीत दळून आणला. गिरणीवालीनं दुसऱ्याच्या गिरणीत पिशवी घेऊन उभं राहायचं म्हणजे काय असतं, ते त्या माणसाला कळणार नाही.

हळद तोंडावर आली तेव्हा एका दुपारी काका स्वतः खाली उतरले. चेहरा उजळलेला. हातात पेन ड्राइव्ह, त्याला लाल दोरा बांधलेला. "झालं! मी शोधून काढलं काय अडत होतं ते. अहो, गाडी अशी सुसाट निघाली!"

खोटं बोलणार नाही, मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी चंद्रावती आत्याला बोलावलं, जावांना बोलावलं, रेवा कामावरून लवकर आली. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आणि आली हो, माझी सासू आली पडद्यावर. काळ्या केसांची, हिरवं लुगडं, नाकात नथ. मांडी घालून बसली, डोळे मिटले, तोंड उघडलं.

आणि सनई वाजायला लागली.

मला वाटलं, सुरुवातीला असेल. पुढे नेलं. सनई. आणखी पुढे. सासूचे ओठ हलतायत, मान डोलतेय, हात वर करून ती कोणाला तरी बोलावतेय, बाजूला तरुण चंद्रावती आत्या ओळ झेलतेय, आणि वर त्या सनईचं पीं पीं पीं. चंद्रावती आत्या टीव्हीजवळ जाऊन बसली, पडद्याला कान लावला. "वैनी, काय बोलतंस गो? मोठ्यान बोल ना," असं म्हणाली. रेवानं तिला धरून मागे आणलं.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही.

"आवाज कुठे आहे?"

काका चहा पीत होते. "छान वाटली ना सनई? माझ्या कलेक्शनमधली आहे. मंगल वाटतं."

"माझ्या सासूचा आवाज कुठे आहे?"

"तेच तर सांगतोय," ते म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की मी शाबासकी द्यायला आलेय. "त्या आवाजात इतका गोंगाट होता, तो साफ करताना मशीनचा जीव निघत होता. मी आवाजच काढून टाकला. ओझं उतरलं, फाईल पळायला लागली."

"मी तुम्हाला गाणं मागितलं होतं!"

"गाणं?" आणि ते खरोखर चकित झाले हो. तेच मला सहन होत नाही अजून. ढोंग असतं तर मी एक शिवी घालून मोकळी झाले असते. "मी वाट बघत होतो गाण्याची. पूर्ण ऐकलं मी, कितीदा तरी. गाणं कुठे आहे त्यात? बायका सारखी एकच ओळ घोळवत बसल्यात, आणि मधे मधे कोणाची तरी नावं घेतायत."

मी त्यांच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ती नावंच पाहिजे होती. परत काढा. कॅसेटमधून परत काढा."

आता त्यांचा चेहरा जरा उतरला. डिस्क भरली की मशीन मंदावतं म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातून घेतलेलं सगळं कच्चं काम पुसून टाकलं होतं. आणि कॅसेट? ड्रॉवरमधून त्यांनी ती काढली. इतक्या वेळा मागेपुढे फिरवून आतली फीत कॅमेऱ्यात गुंतली, चुरगळली, एके ठिकाणी तुटली. त्यांनी तिला सेलोटेप लावली होती. नीट लावली होती, स्टोअरकीपर ना.

मी तिथूनच राजसला फोन लावला, काकांसमोर. राजस म्हणाला, "काकी, आवाजाचं वजन काहीच नसतं हो. साफ करायचं बंद करून तसाच राहू दिला असता तरी गाडी तेवढीच पळाली असती. चित्र फुगवत होते म्हणून वेळ लागत होता." पुसलेलं परत येईल का विचारलं, तर म्हणाला, त्याच डिस्कवर वरून लिहिलंय, कठीण आहे. रडवेला झाला होता पोरगा. बापाचं पाप त्याच्या गळ्यात.

मी काकांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या सासूला दोनदा गप्प केलंत. एकदा जिवंतपणी बोर्डावर तक्रार लावून, आणि आता मेल्यावर. म्हटलं, तुमचं तोंड मला पुन्हा दाखवू नका. ते "अहो पण, अहो पण" करत राहिले. काकू दारात उभ्या होत्या. हाताला खोबरं लागलेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, पण मला वाटलं, ह्या तरी काय बोलणार आता.

खाली आले आणि गिरणी चालू केली. पूर्ण रिकामी, धान्य न घालता. दगडावर दगड घासून खराब झाला तरी चालेल. वर मशीन बसलं तर बसू दे, जळू दे.

हळदीच्या दिवशी पार्किंगमध्ये मांडव घातला. आंब्याचे डहाळे, केळीचे खांब, सगळं रीतीनं. संध्याकाळचं ऊन अजून होतं. रेवा पाटावर, पिवळ्या साडीत. चंद्रावती आत्याला आम्ही हातापाया पडून बसवली होती. जेवढी येतात तेवढी नावं घे, म्हटलं. बाकीच्यांना हात जोडू. ती तोंड पाडून बसली. देव बोलावले, गावदेवी बोलावली, विहीर बोलावली. मग घरच्यांची पाळी आली. तिनं पहिलं नाव घेतलं, राघो. दुसरं घेतलं. आणि थांबली. बायकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडात पदर कोंबला.

इतका मोठा मांडव, आणि एकाच्या तोंडातून शब्द नाही. सोयरे बघायला लागले. रेवाच्या डोळ्यांतून धार लागली, हळदीवर ओघळ उतरले. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेव्हा मागून कोणीतरी गायला लागलं.

"राघोची बनूबाय, ओव्याची लेक, मांडवान ये गो, मांडवान ये."

मी वळून पाहिलं. आशालता काकू. घरातल्याच साडीत. बायकांमधून वाट काढत त्या पुढे आल्या आणि चंद्रावती आत्याच्या शेजारी, जिथे माझी सासू बसायची तिथे मांडी घालून बसल्या. डोळे मिटलेले. गळा काही गाणाऱ्या बाईचा नव्हे. पण चाल सासूची, ओढ सासूची, श्वास घ्यायची जागासुद्धा सासूची. उजवा हात मांडीवर पुढेमागे फिरत होता, वरवंट्यासारखा.

"बनूचा पोशा, मांडवान ये रं. पोशाची काशी, बालंतपनान गेली, मांडवान ये गो."

खासनीसांच्या घरातली बाई, आणि 'बालंतपनान'! जसं ऐकलं तसं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मशीन हळदीपाशी अडायचं, काका पुन्हा पहिल्यापासून लावायचे, आणि ही बाई खाली बसून वाटत ऐकायची. दिवाळीपासून. मिक्सर चालू असता तर ऐकूच गेलं नसतं.

चंद्रावती आत्यानं डोळे पुसले आणि ओळ झेलली. मग सगळ्या बायका झेलायला लागल्या. जी नावं भाऊबंदांना माहीत नव्हती ती आली. दुधावर असतानाच गेलेलं चांगू आलं. लग्न न होता गेलेली सोनी आली. भरत खांबाला धरून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

एवढ्यात काका धावत खाली आले. हातात मोबाईल. "आशा! अगं, तुला येतं? थांब, थांब, रेकॉर्डिंग सुरू करतो. पुन्हा पहिल्यापासून म्हण!"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. ओळ मोडली नाही.

"आशा, ऐकतेस ना? पहिल्यापासून!"

चंद्रावती आत्यानं झेलता झेलता त्यांचा हात धरून खाली ओढलं. "बस रं बाबा खाली. मशीन नाय ती." ते बसले. गोंधळलेले, आपल्याच बायकोकडे परक्यासारखे बघत. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

काकू गात गेल्या, एकेक पिढी खाली उतरत. शेवटी माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव आलं. सासऱ्यांच्या आईचं आलं. आणि तिथे काकू थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माधुरी, इथपर्यंतच आहे गं त्यात."

इथपर्यंतच असणार. त्या हळदीला सासरे जिवंत होते, मांडवात पानसुपारी वाटत होते. त्यांचं नाव भरतच्या थोरल्या चुलत्यानं घेतलं, भावाचं नाव भाऊ घेऊ शकतो. आता एकच नाव राहिलं. ते चंद्रावती आत्याच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण ती घेईना. ती माझ्याकडे बघत होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सून मी होते, आणि आता त्या घरची मोठी बाईही मीच होते.

मी कुंपणाकडे पाहिलं. मग रेवाच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"हौसा. हौसा माय, मांडवान ये गो."